हिरव्या आकड्यांखालची सही

मारोतराव धकाते तुरुंगात जाऊन आला, हे नागपूरच्या तांडापेठेतल्या त्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कशासाठी गेला, याबद्दल मात्र ज्याचं त्याचं वेगळं. कोणी सांगतं, त्याच्या गाडीखाली बाई आली. कोणी सांगतं, मालकाच्या गल्ल्याला हात लावला. मारोतराव कोणाला समजावत बसत नाही. मी त्याला पंचवीस वर्षांपासून ओळखतो आणि जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून मला माहीत आहे तसं लिहून ठेवतो.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. चाकांची अलाइनमेंट शिकवायची तर आमच्याकडे फळा होता, खडू होता, यंत्र नव्हतं. म्हणून दर वर्षी मी मुलांना घेऊन सक्करदऱ्यापुढे उमरेड रोडवरच्या एका टायरच्या दुकानात जायचो. तिथे मारोतराव होता. त्याचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. तो सतरा वर्षांचा असताना माग बंद पडला आणि तो या दुकानात टायर खोलायला लागला. आधी दोरी ताणून, पट्टीनं मोजून चाकं सरळ करायचा. पुढे कॉम्प्युटरचं यंत्र आलं, तेही त्यानं पाहून पाहून शिकून घेतलं. माझ्या मुलांसमोर तो टायरवर पालथा हात फिरवायचा आणि म्हणायचा, "पाहा, इकडून गुळगुळीत लागते अन् तिकडून टोचते. म्हणजे हे चाक फिरून नाही राहिलं, घासून राहिलं." मुलं हात फिरवून पाहायची. दहातल्या दोघांना तो फरक कळायचा.

त्याची एक सवय मला आवडायची. यंत्रातून आकड्यांचा कागद निघाला की तो खाली पेनानं एक ओळ लिहायचा. 'उजवा बॉल जॉइंट ढिला आहे.' 'मागचा उजवा रिम वाकलेला.' यंत्राला जे दिसत नाही ते. मग त्याखाली सही, सावकाश, पूर्ण नावाची.

दुकानाचा जुना मालक वारला आणि त्याचा मुलगा सुशील गादीवर बसला. सुशील वाईट माणूस नव्हता. मारोतरावला अहोजाहो करायचा, दिवाळीला कपडे द्यायचा. फक्त गिऱ्हाईक परत जाऊ नये, एवढं एकच त्याला कळायचं.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली आहे. कळमन्याच्या बाजारात माल नेणारी एक पांढरी पिकअप दुकानात आली. गाडी उन्मेष नावाच्या व्यापाऱ्याची होती. तो रामटेककडच्या गावांतून टमाटर उचलायचा. खराब रस्त्यावर माल दबतो म्हणून त्यानं गाडीच्या मागच्या कमानीचे पाटे काढून तिथे हवेचे फुगे बसवून घेतले होते. जाड रबराचे, मडक्याएवढे दोन फुगे, डावा आणि उजवा. त्यात हवा असली की गाडीचा मागचा भाग त्यावर तरंगतो आणि टमाटराला धक्का लागत नाही.

गाडी आणली होती अश्विननं. वय सव्वीस, रामटेकजवळच्या एका गावचा, घरी धानाची शेती. तीन वर्षांपासून उन्मेषकडे ड्रायव्हर होता.

"काका, इस्टेरिंग उजवीकडं दाबून धरली तवा गाडी सरळ चालते," तो मारोतरावला म्हणाला. "अन् ब्रेक मारला का डावीकडं जाते. मले भेव लागते आता."

मारोतरावनं गाडी रॅम्पवर घेतली, चारही चाकांना यंत्राचे पंजे लावले. पडद्यावर आकडे लाल आले. पुढच्या चाकांपेक्षा मागचा ॲक्सल जास्त तिरपा होता. त्यानं टेप घेऊन मागची उंची मोजली. डावी बाजू दोन बोटं खाली बसलेली. त्यानं दोन्ही फुग्यांत सारखी हवा भरली, उंची बरोबर केली, आणि मग पुढच्या चाकांचे रॉड फिरवून आकडे जागेवर आणले. सगळा पडदा हिरवा झाला.

दुसरा कोणी असता तर त्यानं तिथेच कागद काढला असता. मारोतराव चहा प्यायला गेला आणि मुद्दाम पाऊण तास लावला. परत आला तेव्हा डावी बाजू पुन्हा खाली होती आणि आकडे पुन्हा लाल. साबणाचं पाणी लावल्यावर फुग्याच्या खालच्या घडीतून बारीक बुडबुडे निघायला लागले. केसाएवढी चीर होती.

हे मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलं आहे की मला तो फुगा डोळ्यांसमोर दिसतो. अशा गाडीत आधी उंची बघायची, अलाइनमेंट नंतर. उंचीच टिकत नसेल तर हिरवे आकडे त्या घडीपुरते खरे. हवा गेली की एक बाजू बसते, ॲक्सल तिरपा होतो, आणि भरलेल्या गाडीला ब्रेक लागला की ती ओढून नेते. मी हेच वर्गात तीस वर्षं शिकवलं होतं.

दुपारी उन्मेष आला. मारोतरावनं त्याला खाली वाकवून बुडबुडे दाखवले.

"हा फुगा बदलावा लागते, भाऊ. तवरक गाडी उभी ठेवा."

"किती दिवस?"

"माल पुण्यावरून येते. आठ दिवस धरा."

"आठ दिवस टमाटर काय डोक्यावर नेऊ?" उन्मेष म्हणाला. मग तो सुशीलकडे वळला. "मले अलाइनमेंटचा कागद पाहिजे आज. ज्या कंपनीले माल देतो, ते उद्या गाडीचे कागद पाहतीन. फुग्याचं मी पाहून घेतो."

मारोतरावनं पुन्हा हवा भरली, आकडे हिरवे आणले, कागद काढला आणि खाली लिहिलं: 'मागचा डावा फुगा हवा सोडतो. उंची टिकत नाही. बदलल्याशिवाय गाडी भरू नये.' सुशीलनं तो कागद वाचला, चार तुकडे केले आणि म्हणाला, "मारोतराव, दुसरा काढा. असा कागद घेऊन तो काय करीन?"

"पण आकडे टिकून नाही राहिले, सुशीलभाऊ."

"आत्ता, या घडीले हिरवे आहेत का नाही?"

"आहेत."

"मंग त्यात खोटं काय आहे? सही करा अन् जेवून घ्या."

मारोतरावनं सही केली. पुढे मी त्याला विचारलं होतं, का केलीस. तो म्हणाला, "भूक लागली होती, सर. दीड वाजून गेला होता. वाटलं, सही करून टाकू अन् डबा खाऊ. याच्यापेक्षा मोठं कारण मी लय शोधलं, सापडलं नाही."

गाडी निघताना तो अश्विनजवळ गेला. "हे पाय बाबू, सकाळी गाडी काढाच्या आधी खाली वाकून डावीकडं पाहाचं. उजवीकडच्या बराबर असली तरच निंघाचं. अन् चाळीसच्या वरते नेऊ नको. उन्मेषभाऊच्या मागं लागून फुगा बदलवून घे."

"हो जी काका," अश्विन म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला मनसरच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यावर आली. अश्विननं ब्रेक मारला. गाडी डावीकडे ओढली गेली. कडेनं पुष्पलता नावाची अंगणवाडी सेविका स्कूटीवर चालली होती. ती जागेवरच गेली. पिकअप तिच्यापुढे नालीत उलटली आणि अश्विनचा उजवा पाय दरवाजाच्या पत्र्यात अडकला. त्याला नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, मेडिकलमध्ये आणलं, तिथे गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

मारोतरावला हे कळलं ते पाच दिवसांनी, हवालदार दुकानात आला तेव्हा. त्याच्या हातात अलाइनमेंटच्या कागदाची झेरॉक्स होती. ड्रायव्हर म्हणतो गाडी ओढत होती, आणि गाडीचा मालक म्हणतो गाडी अपघाताच्या चार दिवस आधीच तपासली, ड्रायव्हर फोनवर बोलत होता, असं हवालदारानं सांगितलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"गाडी ठीक होती?"

सुशील शेजारी उभा होता. त्यानं हवालदारासाठी खुर्ची ओढली होती, चहा सांगितला होता. मारोतरावनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कागदावर आहे तशी होती," तो म्हणाला.

हवालदारानं तेवढं लिहून घेतलं, त्याची सही घेतली आणि चहा पिऊन गेला. हलगर्जीपणानं गाडी चालवून जीव घेतल्याचा गुन्हा अश्विनवर आधीच लागला होता. त्या दिवशी तो पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी मारोतराव अर्धी सुट्टी टाकून मेडिकलमध्ये गेला. अश्विन खाटेवर होता. दाराजवळ स्टुलावर एक हवालदार पेंगत होता, आणि पायाशी अश्विनची आई गोपिका खाली बसली होती. अश्विननं डोळे उघडले. ओळखलं.

"काका, मी पायलं होतं सकाळी," तो म्हणाला. "बराबर होती. मंग माल भराले दोन घंटे लागले. मालकाचा फोन वर फोन. पुन्हा वाकून नाही पायलं."

अश्विननं दाराजवळच्या हवालदाराकडे पाहिलं.

"फोन तर मी उचललाच नाही गाडीत. पण कोणी मानून नाही राहिलं."

गोपिकानं विचारलं, हे कोण. अश्विन म्हणाला, गाडी सुधरवणारे काका. तिनं पदर सावरला आणि मारोतरावला बसायला स्टुलाकडे हात केला. स्टुलावर हवालदार होता, मारोतराव उभाच राहिला.

"भाऊ, सारे म्हणतात गाडी चांगली होती," गोपिका म्हणाली. "कागद आहे म्हणतात. मंग माह्या पोरानं काहून अशी चालवली जी? मी याले इचारतो तर हा रडते. त्या बाईचे लेकरं आहेत म्हणे लहान. माह्या पोराचा पाय गेला तर देवानं बराबरच केलं, असं लोक म्हणतात. मलेही तसंच वाटून राहिलं आता."

आईनंच मुलाला दोषी धरलं होतं, आणि धरलं होतं ते त्या सहीवर विश्वास ठेवून. मारोतराव तिथून निघाला आणि मेडिकल चौकात बराच वेळ उभा राहिला. घरी जायची बस त्याच्यासमोरून दोनदा गेली.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बाहेरच्या खोलीत बसून त्यानं मला सगळं सांगितलं, फुगा, फाडलेला कागद, हवालदार, अश्विन, गोपिका. मग म्हणाला, "सर, ठाण्यात जाऊन खरं सांगून टाकू का? तुम्ही शिकलेले माणूस. सांगा."

मी त्याला गप्प राहायला सांगितलं. मला माझे शब्द आठवतात. म्हटलं, मारोतराव, एकदा दिलेला जबाब फिरवणं सोपं नसतं. तूच अडकशील. तुझं वय झालं, तुझ्या मुलीची, हर्षाची, नर्सिंगची दोन वर्षं राहिलीत. बाई तर परत येणार नाही, पायही येणार नाही. अश्विनला चांगला वकील मिळाला तर सुटेल.

तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "पण माह्याजवळ पुरावा काय आहे? फाडलेला कागद तर कचऱ्यात गेला."

मला त्याचं उत्तर ठाऊक होतं. त्या यंत्राच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक मोजणी तारखेसह, वेळेसह साठून राहते. आधीची लाल मोजणी, मग हिरवी, पाऊण तासानं पुन्हा लाल, सगळं तिथे असणार होतं. मारोतरावला यंत्र चालवता यायचं, पण जुन्या नोंदी कुठे असतात ते त्याला कधी कोणी दाखवलं नव्हतं. तो अजून कामावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मोबाइलवर चार फोटो काढले असते तर झालं असतं.

मी म्हणालो, "तेच तर म्हणतो. पुरावा नाही, तर बोलून काय होणार?"

हे मी त्याच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. त्याच्या मालकाशी माझीही ओळख होती, माझी मुलं तिथे शिकायला जायची, मला भानगडीत पडायचं नव्हतं. हेही खरं आहे.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. रुख्माबाई पापडाच्या कारखान्यात जाते, मोजकं बोलणारी बाई आहे. तिनं मला नंतर सांगितलं की तीन रात्री तो उठून बसायचा. चौथ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "जाचं असंन तर जा. असे घरात बसून मले पाहत नका राहू."

तो कामावर न जाता, अपघाताचा गुन्हा नोंदला होता त्या रामटेककडच्या ठाण्यात गेला. तिथले साहेब दुपारपर्यंत भेटले नाहीत. भेटले तेव्हा त्यांनी जुना जबाब समोर ठेवला.

"चार दिवसांपूर्वी तुम्ही सांगितलं गाडी ठीक होती. आज सांगता नव्हती. यातलं खोटं कोणतं?"

"आधीचं."

"कोणी पैसे दिले का तुम्हाला? ड्रायव्हरच्या घरच्यांनी?"

"नाही."

"कळतं ना काय बोलताय? गाडी बिघडलेली आहे हे माहीत असून ठीक असल्याचा कागद दिला, असं तुम्ही लिहून देताय. मग गुन्हा तुमच्यावर पण येईल."

"येऊ द्या," मारोतराव म्हणाला.

त्याचा जबाब लिहून घेतला. सुशीलला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, अलाइनमेंटचं सगळं मारोतराव पाहायचे, मला त्यातलं काही समजत नाही. उन्मेष म्हणाला, मला कोणी फुग्याबिग्याचं काही बोललं नाही, कागद दिला तो मी घेतला. अपघातग्रस्त गाडी तोवर मालकाच्या ताब्यात गेली होती, नवे फुगे बसले होते, जुने भंगारात. मग त्या साहेबांनी, त्यांचं कौतुकच करायला हवं, स्वतःहून विचारलं की यंत्रात नोंद राहते का. माणूस दुकानात पाठवला. तोवर तीन आठवडे झाले होते. सुशीलनं सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला होता, सगळं साफ करून नव्यानं टाकलं.

हे मला सांगायला मारोतराव आला तेव्हा त्याला कामावरून काढलेलं होतं. तो म्हणाला, "सर, यंत्रात असते म्हणे नोंद. मले माहीतच नव्हतं. मी तर रोज त्याच्यासमोर उभा राहत होतो."

मी म्हणालो, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा आलास तेव्हाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, टायरवर हात फिरवताना जसा बघायचा तसा. मग चप्पल घालून गेला. त्यानंतर आठ महिने तो माझ्या घरी आला नाही, आणि मी गेलो तर रुख्माबाई दारातूनच सांगायची, ते घरी नाहीत. एकदा आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

या काळात त्याला कुठल्याच दुकानात काम मिळालं नाही. मालकाविरुद्ध ठाण्यात गेलेला मिस्त्री, ही बातमी उमरेड रोडपासून भंडारा रोडपर्यंत पोचली होती. तो एका बांधकामावर दिवसा राखणीला राहिला. हर्षानं शिक्षण सोडलं नाही, पण एका दवाखान्यात दुपारपाळी धरली. ती मला एकदा बसस्टॉपवर भेटली. म्हणाली, "बाबाचं बरोबर आहे, सर. पण घरात कोणी कोणाशी बोलत नाही आता."

खटला रामटेकच्या कोर्टात उभा राहिला. आरोपी दोन, अश्विन आणि मारोतराव. अश्विन सोडला तर ज्यानं स्वतः चालत जाऊन सांगितलं तोच तेवढा अडकला. सुशील आणि उन्मेष साक्षीदार म्हणून आले. तारखांवर तारखा पडल्या. मारोतराव सकाळच्या बसनं जायचा, अश्विन कुबडीवर यायचा, आणि दोघं व्हरांड्यातल्या एकाच बाकावर बसायचे. गोपिकाही यायची. पहिल्या तारखांना ती मारोतरावकडे पाठ करून बसायची. आपल्या मुलाचा दोष नव्हता हे तिला आता कळलं होतं, आणि ज्यानं हे आधी सांगितलं नाही तोही समोरच होता. एकदा तिनं एवढंच विचारलं, "दवाखान्यात आले होते तवा काहून नाही बोलले?" मारोतराव म्हणाला, "तोंड नाही उघडलं."

दोन वर्षांनी आरोप वाचून दाखवायचा दिवस आला. मीही गेलो होतो, मागे उभा होतो. न्यायाधीशांनी अश्विनला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तो म्हणाला, नाही. मग मारोतरावला विचारलं. वकिलानं त्याला 'नाही' म्हणायला घरूनच पढवलं होतं.

"कबूल आहे," मारोतराव म्हणाला.

वकिलानं त्याच्या शर्टाची बाही ओढली. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, परिणाम समजतो का. तो म्हणाला, समजतो. मग तो आणखी एक वाक्य बोलला, ते कोर्टाच्या कागदात आलं की नाही मला माहीत नाही. म्हणाला, "फुगा फुटका आहे हे मले माहीत होतं, अन् कागदावर तो नाही, हेही मले माहीत होतं."

सहा महिन्यांची साधी कैद झाली. अपील केलं तर जामीन मिळेल, असं वकील सांगत होता. मारोतरावनं नाही म्हटलं. रुख्माबाई त्या दिवशी कोर्टात नव्हती. तिला मी फोन केला तर ती म्हणाली, "बरं," आणि ठेवून दिला.

तुरुंगातून तो निम्मा होऊन आला. आत त्याला मधुमेह निघाला आणि डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरली नव्हती. आल्यावर दोन महिन्यांनी अश्विनच्या वकिलानं त्याला साक्षीला बोलावलं. आता तो आरोपी नव्हता, शिक्षा भोगलेला माणूस होता. सरकारी वकिलानं त्याला दीड तास उभं ठेवलं. तुम्ही एकदा खोटं बोललात, मग आता खरं बोलता हे कशावरून, असं फिरवून फिरवून विचारलं. मारोतराव दर वेळी फुग्याची घडी, साबणाचं पाणी आणि पाऊण तास, एवढंच सांगत राहिला. शेवटी म्हणाला, "खोटं बोलून मी नोकरीवर होतो, साहेब. खरं बोलून तुरुंगात गेलो. आता कशासाठी खोटं बोलू?"

अश्विन गेल्या पावसाळ्यात संशयाचा फायदा मिळून सुटला. निर्दोष म्हणून नव्हे, संशयाचा फायदा मिळून. गावात लोक हा फरक नीट ध्यानात ठेवतात. निकालाच्या दिवशी गोपिकानं डब्यातला भात काढून मारोतरावपुढे ठेवला. त्यानं दोन घास खाल्ले. अश्विन जवळ बसून खोट्या पायाचा पट्टा सैल करत होता. तो म्हणाला, "काका, आता गाडी तर मले चालवता येत नाही. बाबाच्या मागं धानाच्या बांधीवर बसतो." मारोतराव म्हणाला, "बस." एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर आठवड्याभरात मारोतराव पुष्पलताच्या घरी गेला. मला बरोबर घेऊन गेला, कारण त्याला एकट्यानं बस बदलवत नव्हती. यंत्रातल्या नोंदीचं मी लपवलं होतं, त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. तो फक्त एक दिवस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "येता का, सर?"

पुष्पलताचा नवरा अनंत घरीच होता. पिठाची गिरणी आहे त्याची, घरालाच लागून. अंगावर पीठ होतं. त्यानं आम्हाला अंगणात उभं असतानाच ओळखलं. कोर्टात पाहिलं होतं.

मारोतराव म्हणाला, "मी माफी मागाले नाही आलो. तुम्ही कधी समोर नाही भेटले, म्हणून आलो. जे झालं ते माह्या सहीनं झालं."

अनंतनं हात पुसले. तो आवाज न चढवता बोलला. "कोर्टात आयकलं मी सारं. पहिले वाटत होतं, एका पोरानं मारलं. राग कराले एक माणूस होता. आता तो सुटला. तुम्ही म्हणता तुम्ही. गाडीवाला म्हणते मी नाही. दुकानवाला म्हणते मी नाही. मी राग तरी कोणावर धरू?"

"माह्यावर धरा."

"तुमच्यावर धरला असता," अनंत म्हणाला. "पण तुम्ही शिक्षा भोगून आले. ते तरी काहून केलं? आता तुमच्यावरही धरता येत नाही."

आत गिरणी रिकामीच फिरत होती. तो आत गेला, पट्टा काढून ती बंद केली आणि परत दारात आला.

"लेकरं शाळेतून येतीन आता," तो म्हणाला. "त्याइले तुम्ही कोण ते मले सांगाचं नाही. पुन्हा येऊ नका."

आम्ही निघालो. फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालायचं होतं आणि मारोतरावचा पाय दुखत होता, म्हणून आम्ही दोनदा थांबलो. बसमध्ये जागा मिळाली. कन्हानचा पूल येईपर्यंत तो डोळे मिटून होता. मग म्हणाला, "त्याचं बराबर आहे." मी हो म्हणालो. तो पुन्हा तिकडे गेला नाही.